हणमंतअण्णांचा रुमाल

“कुठं प्यालात ते सांगा, व्याही! साऱ्या पेठेसमोर सांगा! केरीतच प्यालात ना?”

रावसाहेब दोड्डबावीच्या कट्ट्यावर उभे राहून ओरडत होते. रागावले की ते आदरार्थी बोलत. जितका राग जास्त तितका आदर जास्त. समोर खुर्चीवर हणमंतअण्णा बसले होते. त्यांचा उजवा पाय स्टुलावर, पोटरीला चिंधी, चिंधीतून डोकावणारी आगपेटीची काडी, आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. लांबून पाहणाऱ्याला दोराच वाटावा. तो नारू होता.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्या आईवडिलांनी पुण्य केलं असणार. हा किडा पाण्यातून पोटात जातो तेव्हा डोळ्यांना दिसतही नाही. मग घरजावयासारखा वर्षभर आत राहतो, वाढतो, आणि नेमका पेरणीच्या तोंडावर पाय फोडून बाहेर यायला लागतो. त्याला ओढायचं नाही. ओढला की तुटतो आणि पाय भोपळा होतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा, लाडीगोडीनं काढायचा. तोवर माणूस खाटेवर, आणि त्याचं शेत शेजाऱ्याच्या बैलांना मोकळं.

आणि हा नारू निघाला होता कुणाच्या पायातून? तर “सोसि कुडीरी! गाळून प्या!” असं ओरडत ज्यांनी अख्ख्या धारवाडाची झोपमोड केली त्या हणमंतअण्णांच्या. वैद्यबुवांनी खोकल्याचं औषध विकता विकता खोकून मरावं, तसली गत. पेठ हसून हसून लोळायची बाकी होती. पण हसण्यापेक्षा मोठं नवल असं, की अण्णा गप्प होते.

हे नवल कळायचं तर अण्णांचा आवाज माहीत पाहिजे. मी वाढवून सांगत नाही, कमीच करून सांगतो. अण्णांनी धारवाडात हाक मारली की हुबळीच्या फलाटावरचा गार्ड दचकून हिरवं निशाण दाखवी. “गाळून प्या!” ही आरोळी उणकलच्या तळ्यापर्यंत जाई आणि पाण्यात तोंड घातलेल्या म्हशी ओशाळून तोंड वर काढत. मी त्यांच्या शेजारी बिऱ्हाडाला होतो, हायस्कुलात मास्तर. माझ्या वर्गातली मुलं त्यांच्या आवाजावर घड्याळ लावत.

नोकरीनं ते म्युनिसिपालिटीचे देवी डॉक्टर. म्हणजे देवी टोचणारे. पण त्यांना कुणी नुसतं ‘टोचणारे’ म्हटलं तर ते म्हणणाऱ्याला टोचत. अंगानं उंच, मिशा तरतरीत, आणि डोक्याला रुमाल. आमच्याकडे पागोट्याला रुमाल म्हणतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. अण्णांच्या रुमालाची लांबी कुणी मोजली नव्हती. एकदा सोडला तेव्हा एक टोक त्यांच्या ओसरीवर आणि दुसरं माझ्या स्वयंपाकघरात होतं, एवढं मी पाहिलेलं आहे.

या रुमालाचं एक टोक नेहमी मोकळं असे. अण्णा कुणाच्याही घरी गेले, पाण्याचं भांडं पुढं आलं, की ते टोक ओढून भांड्यावर धरत आणि त्यातून पाणी आपल्या लोट्यात ओतून घेत. राजवाडा असो, झोपडी असो. यजमानाचं तोंड आंबट होई.

“आमच्या पाण्यात काय किडे आहेत का री?”

“आहेत की. दाखवू?”

आणि खिशातून भिंग बाहेर. काचेच्या पेल्यात ती पाण्यातली बारीक पिसू तुरुतुरु पळताना दिसली की अण्णा तिची ओळख करून देत, जणू भाची आहे. “हिच्या पोटात नारूचं पिल्लू. नारूवाला माणूस पाय बुडवतो, पिल्लं पाण्यात सांडतात, ही बया ती गिळते, आणि हिला गिळता तुम्ही.” मग आवाज खाली, म्हणजे शेजारच्या गल्लीपुरता. “आचार्य, एकादशीला हा पेला प्यालात तर मांसाहार झाला हो!” त्या दिवशी पेठेतले निम्मे उपास मोडले म्हणतात.

सवय हाडात इतकी मुरली होती, की एका लग्नाच्या पंगतीत कुणाशी तरी बोलता बोलता त्यांनी ताकच रुमालातून गाळलं. खाली निवळ राहिली, वर चक्का. यजमानीण हुशार. तिनं तो चक्का उचलून साखर घातली आणि पुढच्या पंगतीला श्रीखंड वाढलं. हे मी खाल्लेलं नाही; पण ज्यांनी खाल्लं ते वेलची कमी होती असं सांगतात.

अण्णांची दुसरी सवय मात्र लोकांना श्रीखंडाइतकी गोड लागली नाही. पूर्वीचे देवी डॉक्टर सकाळी आधी रावसाहेबांच्या आळीत जात. तिथं पाट मांडलेला, कॉफी तयार. मग व्यापाऱ्यांची आळी, मग आमच्यासारखे मास्तर आणि कारकून, आणि सूर्य डोक्यावर आला की शेवटी खालची केरी. केरी म्हणजे पेठेच्या उताराची मजूर-चांभारांची वस्ती. तिथल्या पोरांना टोचत सगळ्यांत शेवटी, आणि देवी मात्र येत सगळ्यांत आधी.

अण्णांनी नोकरीवर येताच क्रम उलटा केला. सकाळी उजाडता उजाडता केरीत. रावसाहेबांच्या आळीत दुपारी.

“हा काय उफराटा कारभार?” रावसाहेबांनी विचारलं.

“लस उन्हात मरते, रावसाहेब. दुपारची लस म्हणजे नुसता ओरखडा. इतकी वर्षं केरीला आपण ओरखडे दिले.”

“म्हणजे आता आमच्या पोरांना ओरखडे?”

“छे छे! तुमच्या पोरांना ताजी हवी तर आहे की. सकाळी या. केरीत.”

आणि आले! पहिल्या वर्षी शिव्या देत आले, दुसऱ्या वर्षी छत्री घेऊन आले. केरीतल्या यल्लव्वाच्या अंगणात जरीच्या टोप्या आणि उघडी नागडी पोरं एका रांगेत उभी राहून एकाच सुरात रडत. यल्लव्वा म्हातारी कंबरेवर हात ठेवून रांग लावी. “ए जरीटोपी, मागं हो! तुझा नंबर या शेंबड्याच्या मागं.” तिला असं सुख आयुष्यात पुन्हा मिळालं नसेल. अण्णा तिला म्हणत, “यल्लव्वा, पुढच्या जन्मी तू कलेक्टर.” ती म्हणे, “पुढचा कशाला अण्णा? साहेबाला सांगा, मी आहे मोकळी.”

आता दोड्डबावी. दोड्डबावी म्हणजे मोठी विहीर, नावातच आलं. तिला आत उतरायला दोन बाजूंनी दगडी पायऱ्या. पश्चिमेच्या पायऱ्या वरच्या आळ्यांच्या. पूर्वेच्या, केरीकडच्या बाजूच्या, मोठ्या भांडणानंतर केरीला दिलेल्या. पायऱ्या वेगळ्या, वाट वेगळी, दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे पाठ करून पाणी भरत. पाणी मात्र मधे एकच. ते कुणाला विचारायला गेलं नव्हतं.

लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागरी भरत. अण्णांचं म्हणणं साधं होतं. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या भिंत घालून बंद करा, वर कठड्याला गडगड्या बसवा. गडगडी म्हणजे कप्पी. दोर सोडा, वरून ओढा. पाय बुडायचा नाही, नारू व्हायचा नाही. रुमालानं एक लोटा गाळता येतो, विहीर गाळता येत नाही.

रावसाहेब वॉर्डाचे मेंबर. त्यांचंही म्हणणं साधंच होतं. नारू केरीतले लोक आणतात. फक्त पूर्वेच्या पायऱ्या बंद करा. मग केरी पाणी कुठून भरणार? “नाला आहे की.” त्या नाल्यात काय काय वाहत येई ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही.

हा वाद चालू असतानाच मोठा घोटाळा झाला. रावसाहेबांच्या थोरल्या मुलाला अण्णांची मुलगी कृष्णा पसंत पडली.

लग्नाच्या बोलणीला अण्णांना रावसाहेबांच्या घरी जायचं होतं. आदल्या दिवसापासून अंबक्का, म्हणजे अण्णांची बायको, त्यांच्या मागे लागली. “पाणी पुढं येईल. गपगुमान प्यायचं. रुमालाला हात लावलात तर त्याच बावीत उडी टाकीन.”

“सवय आहे गं, हात आपोआप जातो.”

“जातो का बघते.”

रावसाहेबांचं घर सोवळ्यासाठी जिल्ह्यात प्रसिद्ध. पिण्याचं पाणी भरणार फक्त गुंडाचार. हा त्यांचा आचारी. ओलेत्यानं पश्चिमेच्या पायऱ्या उतरायचा, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून घागर भरायचा, आणि वाटेत कुणाची सावली पडली तर मागं फिरायचा. त्या पाण्याला फडकं लावणं म्हणजे ओवळं करणं. कापसाचं फडकं, कुठून आलं, कुणी विणलं, कुणी शिवलं! जैनांच्या घरी पाणी गाळत, केरीत अण्णांच्या धाकानं गाळत, माझ्या घरी शेजारधर्म म्हणून गाळत. एवढ्या पेठेत न गाळलेलं पाणी जर कुठं हमखास मिळत असेल तर ते या सर्वांत पवित्र घरी.

अण्णा बोलणीला गेले आणि आले. लग्न ठरलं, थाटात झालं. त्यानंतर अण्णा व्याह्यांच्या घरी पाण्याचा थेंब प्याले नाहीत, कारण मुलीच्या घरी बापानं तिला मूल होईपर्यंत पाणी पिऊ नये ही रीत. अशा रीती पाळायला अण्णांची कधीच हरकत नव्हती.

वर्ष गेलं. वैशाखात पोटरीला फोड आला, फोड फुटला, आणि त्यातून पांढरं टोक डोकावलं. अण्णांनी भिंगातून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मी शेजारी होतो. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, पाहुणा आला.” मग बराच वेळ हिशेब केल्यासारखे बोटं हलवत बसले, आणि एकदम त्यांचा चेहरा पडला.

पंधरवड्यातच पायऱ्यांचा निकाल करायला सभा बसली ती दोड्डबावीच्या कट्ट्यावर. म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर अध्यक्ष. हात वर करून निकाल, आणि निकाल होईल त्या बाजूला गवंडी उद्यापासून कामाला. रावसाहेबांच्या हाती तर आयतं कोलीत आलं होतं. हा माणूस निम्मा दिवस केरीत काढतो, आणि नारू यालाच! आणखी काय पुरावा पाहिजे?

“सांगा व्याही! कुठं प्यालात?”

अण्णा पायाकडे बघत होते.

पूर्वेच्या कडेला केरीची माणसं उभी होती. यल्लव्वा पुढं आली. “आमच्या घरी अण्णा रुमाल सोडल्याशिवाय पीत नाहीत री! मी गाळलेलं दिलं तरी पुन्हा गाळतात. एवढा अविश्वास माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी दाखवला नाही! अण्णा, बोला की! आमच्याकडं प्यालात का असं? हौदु म्हणा नाही तर इल्ल म्हणा!”

“इल्ल. नाही,” अण्णा म्हणाले. तेही इतक्या हळू, की शेजारच्या माणसानं “काय म्हणाले?” म्हणून विचारलं. अण्णांच्या जन्मात हा प्रश्न कुणाला विचारावा लागला नव्हता.

“मग कुठं?” रावसाहेब.

“आठवत नाही.”

सगळी सभा खो खो हसली. धारवाडातल्या कुठल्या पोराला कुठल्या दंडावर टोचलं ते ज्याला पाठ, त्याला आठवत नाही! यल्लव्वाच्या तोंडचं पाणी पळालं. मी अंबक्काकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यात ती पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांना आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पण बोलले, तर सभेपुढं व्याह्यांच्या सोवळ्याला काळं फासलं जाणार, आणि त्याची भरपाई त्या घरात कोण करणार? कृष्णा. पोरींना याहून लहान गोष्टींसाठी माहेरी पाठवलेलं पेठेनं पाहिलं होतं. आणि न बोलले, तर उद्यापासून केरी नाल्यावर.

“तर मग,” ओव्हरसियर घसा साफ करत म्हणाले, “फक्त पूर्वेच्या पायऱ्या बंद कराव्यात असं ज्यांचं मत असेल त्यांनी—”

तेवढ्यात बायकांत घागर आपटल्याचा आवाज झाला.

रावसाहेबांची सून घागर पुढ्यात ठेवून उभी होती. सासऱ्यासमोर सून बोलत नसे. तोंड वर करून बघतही नसे. कृष्णाही सासऱ्याशी बोलली नाही. ती घागरीशी बोलली. पण आवाज बापाचा. बापाचा आवाज तिला आहे हे तोवर सासरी कुणाला माहीत नव्हतं.

“घागरीबाई,” ती म्हणाली, आणि पश्चिमेच्या पिंपळावरचे कावळे उडाले, “माझ्या अप्पांचा रुमाल सगळ्या गावात सुटतो. एकाच दिवशी सुटला नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी. त्या दिवशी रुमालाच्या टोकाला टाके घातले होते, अम्मानं सांगितलं म्हणून. दुहेरी दोऱ्यानं. मीच घातले होते.”

वर निघालेले हात अर्ध्यातच थांबले.

अंबक्कानं पदराचा बोळा तोंडातून काढला. “घट्ट घाल म्हटलं होतं,” ती कुणालाच न म्हणता म्हणाली.

रावसाहेब लाल झाले, मग पांढरे झाले. “आमच्या घरचं पाणी सोवळ्यातलं आहे! गुंडाचाराशिवाय त्याला कुणाचा हात लागत नाही!”

आणि मग, अहाहा, अण्णांचा आवाज परत आला. त्या दिवशी हुबळीला गाडी वेळेआधी सुटली असणार.

“हात नव्हे री व्याही! पाय! पायाचं विचारा!”

साऱ्या माना गुंडाचाराकडे वळल्या. तो रावसाहेबांच्या मागं उभा होता, सोवळं घोट्यापर्यंत सोडून. एरवी हा गृहस्थ सोवळं गुडघ्याच्या वर खोचून हिंडे. वैशाखाच्या उन्हात घोट्यापर्यंत का, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“गुंडाचार,” रावसाहेब म्हणाले, “पाय दाखवा.” एवढा आदर गुंडाचाराला जन्मात मिळाला नव्हता. त्यानं सोवळं उचललं. नडगीला हळद लावलेली पट्टी, पट्टीत काडी, काडीला दोरा. आणि वर हसून म्हणतो कसा, “जुनाच आहे. गेल्या वर्षी डाव्या पायाला होता.”

यल्लव्वा मटकन खाली बसली आणि हसायला लागली ती थांबेचना. केरी हसली, व्यापारी हसले, ओव्हरसियरनं टोपीआड तोंड लपवलं. हसले नाहीत दोघंच. रावसाहेब सुनेकडे बघत होते, आणि अण्णा रावसाहेबांकडे. ते बघणं मला अजून दिसतं. एवढा मोठा माणूस, पण खुर्चीच्या कडेला आलेला, दुखरा पाय जमिनीवर टेकलेला, आत्ता हा काय बोलेल म्हणून.

रावसाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. सुनेला थेट बोलायची रीत त्यांच्याकडेही नव्हती. तेही घागरीकडे बघून म्हणाले, “ती घागर उपडी करा. आणि घरी जाऊन रांजणही उपडा करा.” मग ओव्हरसियरकडे वळून हात सरळ वर केला. “दोन्हीकडच्या.”

मेंबराचा हात वर गेल्यावर पेठेचे हात काय खाली राहतात? एका म्हाताऱ्या भटजींनी नवऱ्या मुली गंगापूजनाला पायऱ्यांशिवाय कुठं उतरणार म्हणून शंका काढली. अण्णा म्हणाले, “गंगा स्वर्गातून उतरली, आता दोरानं वर चढेल.”

पायऱ्या बुजल्या. गडगड्या बसल्या, दोन पश्चिमेला, दोन पूर्वेला. वेगळेपण काही लगेच बुजलं नाही. भिंत घालून बुजतं थोडंच. पण पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या दोन्ही गडगड्यांचे कणे, म्हणजे मधले लोखंडी दांडे, एकाच आठवड्यात बेपत्ता झाले. म्युनिसिपालिटीची दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीचं आश्वासन. वरच्या आळ्यांच्या बायका घागरी घेऊन पूर्वेला आल्या. दोर तोच, गडगडी तीच, आणि रांग लावायला यल्लव्वा. कणे कुणी नेले याची चौकशी झाली. अण्णा चौकशीत सर्वांत मोठ्यानं बोलत होते, आणि त्या दिवसांत त्यांचा रुमाल जरा जड दिसत होता, एवढं मी शेजारी म्हणून सांगू शकतो. जास्त नाही.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते कृष्णाच्या मुलाच्या बारशाला. माझी बदली झाली होती, सामान बांधलेलं होतं, पण हे बारसं चुकवणं शक्य नव्हतं. कारण त्या दिवशी अण्णा लेकीच्या घरचं पाणी पहिल्यांदा पिणार होते, आणि सगळी पेठ केवळ ते पाहायला आली होती. यल्लव्वाही आली होती. ओसरीच्या खाली का होईना, पण पाटावर बसून.

अण्णा पाटावर बसले. रुमाल नवा, जरीचा. पोटरीवर त्या पाहुण्याचा वण. रावसाहेब स्वतः आतून चांदीचा पेला घेऊन आले आणि व्याह्यांच्या पुढं धरला. अण्णांचा हात निघाला. कुठं निघाला ते साऱ्यांना माहीत होतं. अंबक्कानं डोळे वटारले. हात कानापाशी येऊन अडकला, कान खाजवल्यासारखा करून खाली आला. अण्णांनी पेल्यात पाहिलं. रावसाहेबांकडे पाहिलं. पुन्हा पेल्यात.

“व्याही,” ते म्हणाले, आणि पाळण्यातलं पोर दचकून जागं झालं, “रागवू नका. गाळलंय ना?”

“नाही,” रावसाहेब म्हणाले. “उकळलंय.”